सत्तर टक्के, पाच टक्के, दोन टक्के: १९४८ चा दोष असा वाटून देता येतो का?

एरवी इथे मी ज्वारी, दुष्काळ आणि मुळांबद्दल लिहिते. आज मात्र इतिहासाच्या एका पुस्तकाबद्दल लिहायचं आहे. त्याचं निमित्त माझीच एक चूक आहे, म्हणून आधी ती सांगते.

२०२३ चा ऑक्टोबर. ७ तारखेला हमासने दक्षिण इस्रायलवर हल्ला करून सुमारे १,२०० माणसं मारली होती, अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस नेलं होतं. गाझावर बॉम्बहल्ले सुरू झाले होते. तिथल्या मृतांचा आकडा पुढे कित्येक हजारांवर गेला, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसांत आमच्या मेसमध्ये रोज रात्री एकच वाद चालायचा: सुरुवात कुणी केली? एकदा एक मित्र म्हणाला, "अगं, १९४८ मध्ये अरब नेत्यांनीच रेडिओवरून सांगितलं होतं की घरं सोडा, आपण जिंकलो की परत या. ते स्वतःहून गेले." मी लगेच उत्तर फेकलं, "सत्तर टक्के लोक ज्यू फौजांच्या हल्ल्यांमुळे गेले. आणि हे इस्रायली लष्कराच्याच अहवालात आहे." तो गप्प झाला. मी वाद जिंकले.

तो आकडा मी दहा मिनिटांपूर्वी मोबाइलवर वाचला होता. अहवाल कुणी लिहिला, कधी लिहिला, त्यात काय मोजलं होतं, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. माझ्या विषयात असा आकडा कुणी सेमिनारमध्ये फेकला असता तर पहिला प्रश्न मीच विचारला असता. मग मनाला लागलं म्हणून मी तो आकडा जगासमोर आणणाऱ्या इतिहासकाराचं पुस्तक मिळवलं. बेनी मॉरिस यांचं 'द बर्थ ऑफ द पॅलेस्टिनियन रेफ्युजी प्रॉब्लेम'. पहिली आवृत्ती १९८८ ची, आणि बरीच वाढवलेली दुसरी २००४ ची.

पुस्तकात आहे काय?

थोडी पार्श्वभूमी. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. ज्यू तेव्हा लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास होते, आणि त्यांच्या नियोजित राज्याला निम्म्याहून थोडी जास्त जमीन मिळणार होती. ज्यू नेतृत्वाने ठराव स्वीकारला, अरबांनी फेटाळला. दुसऱ्याच दिवसापासून हिंसा सुरू झाली. १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली आणि लगेच शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत शिरल्या. १९४९ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरब आपल्या घरांपासून दूर होते. ते का गेले, हा मॉरिस यांचा प्रश्न.

आधीची चाळीस वर्षं या प्रश्नाची दोन तयार उत्तरं होती. एक माझ्या मित्राचं: नेत्यांनी सांगितलं म्हणून गेले. दुसरं: आधीच ठरलेल्या योजनेनुसार त्यांना हाकललं. रेडिओच्या गोष्टीला वालिद खालिदी यांनी १९५९ मध्ये आणि आयरिश पत्रकार अर्स्किन चाइल्डर्स यांनी १९६१ मध्ये आव्हान दिलं होतं. चाइल्डर्सनी बीबीसीने त्या काळी टिपलेल्या अरबी प्रसारणांच्या नोंदी तपासल्या. 'घरं सोडा' असा आदेश त्यांना सापडला नाही, उलट 'जागेवरच राहा' अशी आवाहनं सापडली. म्हणजे मित्राचा दावा मॉरिसच्या आधीच डळमळीत झालेला होता.

मॉरिसनी केलं काय, तर गावागावाचा हिशेब मांडला. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात १९४८ ची बरीच सरकारी कागदपत्रं खुली झाली, त्यांवर ते बसले. पहिल्या आवृत्तीत ३६९ गावांची आणि शहरांची यादी आहे. प्रत्येकासमोर ते कधी रिकामं झालं आणि का, याचं एक अक्षर आहे: थेट हल्ला, हकालपट्टी, लढाईत सापडण्याची भीती, शेजारचं शहर पडल्याचा परिणाम, मुद्दाम पसरवलेल्या अफवा, अरबांचे आदेश. या शेवटच्या कारणाची गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

ही यादी पाहून मला खरंच आनंद झाला. आमच्या शेतातल्या नोंदवह्या अशाच असतात. एवढ्या भडकलेल्या विषयावर कुणीतरी आधी बसून मोजलं, गाव गाळलं नाही, आपल्या बाजूला नको असलेलं अक्षरही लिहिलं, हे या पुस्तकाचं मोठं बळ आहे. त्याची किंमत त्यांनी मोजली. स्वदेशातल्या अनेकांना ते पुस्तक गद्दारीचं वाटलं. एफ्राइम कार्श यांनी १९९७ मध्ये या सगळ्या 'नव्या इतिहासकारां'वर इतिहास बनावट रचल्याचा आरोप करणारं पुस्तक लिहिलं. दुसरीकडून नूर मसाल्हा आणि नॉर्मन फिंकेलस्टाइन यांनी म्हटलं की मॉरिसचे स्वतःचेच पुरावे त्यांच्या निष्कर्षापेक्षा कितीतरी कठोर आहेत.

माझा सत्तर टक्क्यांचा आकडा

आता तो अहवाल. ३० जून १९४८ ची तारीख असलेला हा इस्रायली लष्करी गुप्तवार्ता विभागाचा दस्तऐवज. मॉरिसनी त्यावर १९८६ मध्येच लेख लिहिला होता. अहवालात कारणांची टक्केवारीच दिली आहे: किमान ५५ टक्के स्थलांतर हागाना या मुख्य ज्यू फौजेच्या कारवायांमुळे, सुमारे १५ टक्के इर्गुन आणि लेही या बंडखोर गटांमुळे. झाले माझे सत्तर. अरब संस्थांच्या आदेशांमुळे सुमारे ५ टक्के. आणि ज्यू फौजांनी 'निघा' असा थेट आदेश दिल्यामुळे सुमारे २ टक्के.

गंमत बघा. याच कागदातला ७० चा आकडा एक बाजू उचलते आणि २ चा दुसरी. "बघा, हाकललं तर फक्त दोन टक्क्यांना!" दोघंही एकच गोष्ट विसरतात: हा अहवाल १ जून १९४८ पर्यंतचाच आहे. त्यात तोपर्यंतच्या सुमारे ३ लाख ९० हजार लोकांचा हिशेब आहे. लिद्दा आणि रामले या शहरांची हकालपट्टी जुलैची, आणि उत्तरेकडच्या गॅलिलीतल्या मोठ्या कारवाया ऑक्टोबरच्या. हंगामाच्या मध्यावर घेतलेलं माप अख्ख्या हंगामाचं म्हणून छापलं तर आमच्याकडे शोधनिबंध परत येतो.

पण माझी खरी अडचण याहून खोल आहे, आणि ती मॉरिसच्या यादीलाही लागू पडते. ती सांगायला मला माझ्या कुंड्यांकडे जावं लागेल.

दोन कुंड्या

समजा माझ्याकडे ज्वारीचे दोन वाण आहेत. अवर्षणाला तोंड देणारा एक, आपली मालदांडीच धरा. दुसरा नाजूक. (आकडे समजण्यापुरते आहेत, माझ्या प्रयोगातले नाहीत.) भरपूर पाणी दिलं तर दोघांचंही दाण्याचं वजन ४० ग्रॅम. पाणी तोडलं तर मालदांडी ३५ ग्रॅमवर राहते आणि नाजूक वाण १० वर येतो. आता मला सांगा, नाजूक वाणाचं ३० ग्रॅम नुकसान झालं, त्यातलं किती टक्के वाणामुळे आणि किती टक्के दुष्काळामुळे?

विचार करून बघा. पाणी असतं तर नुकसान शून्य, म्हणजे सगळा वाटा दुष्काळाचा. वाण मालदांडी असता तर जेमतेम ५ ग्रॅम गेले असते, म्हणजे बहुतेक वाटा वाणाचा. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि बेरीज शंभराच्या वर जाते. कारणं एकमेकांत गुणली जातात तेव्हा ती भाकरीसारखी तोडून वाटता येत नाहीत. आयताचं क्षेत्रफळ किती टक्के लांबीमुळे आणि किती टक्के रुंदीमुळे, असं विचारण्यासारखंच ते आहे.

१९४८ मधलं एखादं गाव घ्या. ९ एप्रिलला जेरुसलेमजवळच्या देर यासीन गावात इर्गुन आणि लेहीच्या लोकांनी शंभराच्या आसपास गावकरी मारले, त्यांत बायका आणि मुलंही होती. ती बातमी सगळीकडे पोचली. अरब रेडिओंनी ती आणखी भडक करून सांगितली, कारण त्यांना लोकांना पेटवायचं होतं. श्रीमंत कुटुंबं आणि पुढारी आधीच बैरुतला, अम्मानला निघून गेले होते. शेजारचं शहर पडलं. मग एका पहाटे गावावर तोफगोळे आले आणि लोक पळाले. या गावासमोर कोणतं अक्षर लिहायचं? हल्ला? भीती? शेजारच्या शहराचा परिणाम? मॉरिस काही गावांना दोन-दोन अक्षरं देतात, म्हणजे अडचण त्यांनाही दिसलेली आहे. पण यादीचा आकृतिबंधच वाचकाला सांगतो की कारणं सुटी सुटी आहेत आणि मोजता येतात. तिथून पुढे टक्केवारी, आणि टक्केवारीतून दोषाची वाटणी, ही घसरगुंडी फार सोपी आहे. मी मेसमध्ये तिच्यावरूनच घसरले.

"म्हणजे सगळ्यांचाच दोष, कुणाचाच नाही, असं म्हणायचंय का?" असं तुम्ही विचाराल. नाही. उलट आहे. कुंडीकडे परत चला. नुकसानीची वाटणी होत नाही, पण पाण्याचा नळ कुणी बंद केला, या प्रश्नाला एक स्वच्छ उत्तर आहे: मी. तारीख माझ्या नोंदवहीत आहे. वाण नाजूक आहे हे मला माहीत होतं. वाणाचा नाजूकपणा हे कारण आहे, त्याला दोष देता येत नाही. दोष निर्णयाला लागतो. निर्णय कुणी घेतला, तेव्हा त्याला काय माहीत होतं, दुसरा मार्ग हाताशी होता का, हे विचारता येतं आणि बऱ्याचदा त्याचं उत्तरही मिळतं.

तीन शहरं

मॉरिसचं पुस्तक असं निर्णयांची वही म्हणून वाचलं की ते वेगळंच बोलायला लागतं. तीन शहरं घेऊ.

हैफा, २१-२२ एप्रिल १९४८. ब्रिटिश सैन्य मागे सरलं, हागानाने हल्ला केला. गर्दीच्या बाजारावर उखळी तोफांचे गोळे पडले आणि घाबरलेले लोक बंदराकडे धावले. त्यानंतर नगरपालिकेत बैठक झाली. ज्यू महापौर शब्ताई लेवी यांनी अरब प्रतिनिधींना राहण्याची विनवणी केली. प्रतिनिधींनी शरणागतीच्या अटींवर सही करायला नकार दिला आणि लोकांना बाहेर काढण्याची सोय मागितली. इथे गोळे टाकण्याचा निर्णय एकाचा, निघून जाण्याचा निर्णय दुसऱ्याचा, आणि दुसरा पहिल्याच्या सावलीत घेतलेला. माझ्या मित्राला या गोष्टीचा उत्तरार्ध ठाऊक होता, मला पूर्वार्ध.

लिद्दा, १२ जुलै १९४८. हे शहर फाळणीच्या नकाशात अरब राज्यात होतं. ट्रान्सजॉर्डनच्या अरब लिजनने ते लढवायचं नाही असं ठरवलं होतं. शहर इस्रायलच्या ताब्यात आल्यानंतर रहिवाशांना हाकलण्याचा लेखी आदेश निघाला, वय न बघता. त्यावर सही होती यित्झाक राबिन यांची, जे पुढे पंतप्रधान झाले. लिद्दा आणि रामले मिळून ५० हजारांवर माणसं बाहेर काढली गेली. लिद्दाचे लोक जुलैच्या उन्हात पायी चालत गेले आणि वाटेत अनेक जण तहानेने मेले. राबिन यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला तेव्हा इस्रायली सेन्सॉरने तो कापला, आणि १९७९ मध्ये तो 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आला.

नाझरेथ, त्याच आठवड्यात. हेही अरब शहर इस्रायलने घेतलं, पण तिथले लोक राहिले. ख्रिस्ती तीर्थक्षेत्र असल्याने जगाचं लक्ष आहे, म्हणून तिथे जपून वागण्याच्या सूचना वरूनच होत्या. शिवाय कॅनडाहून आलेले कमांडर बेन डंकेलमन यांनी लोकांना हाकलण्याचा तोंडी आदेश पाळायला नकार दिला, असं त्यांच्या आठवणींवर काम केलेल्या लेखकाने पुढे सांगितलं. नाझरेथ आजही इस्रायलमधलं सर्वांत मोठं अरब शहर आहे.

लिद्दा आणि नाझरेथ. तेच युद्ध, तोच आठवडा, तीच फौज. 'युद्धात हे होणारच होतं' म्हणणाऱ्यांसाठी माझ्या दृष्टीने नाझरेथ हा नियंत्रण-गट आहे. दुसरा मार्ग हाताशी होता.

पुस्तक कुठे कमी पडतं

पहिलं, साधनं. मॉरिस सरकारी कागदांवर विश्वास ठेवतात आणि लोकांच्या तोंडी आठवणींवर फारसा नाही. त्याची कारणं ते देतात, पण परिणाम असा की जिंकणाऱ्याचं दप्तर बोलतं आणि पळालेला माणूस मुका राहतो. अरब देशांची दप्तरं बहुतांशी बंदच आहेत, हा दोष त्यांचा नव्हे. कागदही निष्पाप नसतात. २०१९ मध्ये 'हारेत्झ'ने दाखवून दिलं की इस्रायली संरक्षण खात्याच्या पथकाने अभिलेखागारांतली आधी खुली असलेली कागदपत्रं पुन्हा कुलपात टाकली होती, आणि माझा तो सत्तर टक्क्यांचा अहवालही त्यांत होता.

दुसरं, आणि मला जास्त खटकलेलं. मॉरिसचा प्रसिद्ध निष्कर्ष असा की निर्वासितांचा प्रश्न युद्धातून जन्मला, कुणाच्या पूर्वनियोजित कटातून नाही. इलान पापे यांनी २००६ मध्ये याच्या नेमकं उलट लिहिलं: मार्च १९४८ ची 'दालेत योजना' हाच तो कट होता. दोघांची भांडणं वाचताना मला वाटत राहिलं की 'योजना होती की नव्हती' या एका प्रश्नावर दोघांनीही दोषाचं सगळं ओझं टाकलंय. योजना नसली म्हणून लिद्दाचा आदेश हलका होत नाही. आणि दालेत योजनेत शत्रू ठरलेली गावं रिकामी करण्याची मुभा सेनापतींना होती, हे ती संपूर्ण देशाचा आराखडा होती की नव्हती यावर अवलंबून नाही.

तिसरं, पुस्तकातला सर्वांत भक्कम पुरावा ज्या गोष्टीचा आहे, ती लोकांच्या वादात कधी येतच नाही. लोक पळाले म्हणून ते निर्वासित झाले, हे अर्धंच खरं. युद्धात लोक पळतात आणि परतही येतात. १६ जून १९४८ च्या मंत्रिमंडळ बैठकीत बेन-गुरियन आणि परराष्ट्रमंत्री शेर्टोक यांनी परतीला विरोध केला, आणि तेच धोरण ठरलं. गावं पाडली गेली, शेतं वाटली गेली. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी १९४ क्रमांकाच्या ठरावात परतीच्या बाजूने मत दिलं, तरी दार उघडलं नाही. हा निर्णय गोंधळात, रात्रीच्या अंधारात झाला नव्हता. टेबलाभोवती बसून झाला होता. माणूस भीतीने गेला की आदेशाने की अफवेने, या सगळ्यांना तो सारखाच लागू झाला. माझ्या मित्राचा रेडिओ खरा मानला, तरीही.

मग अरब बाजूचे निर्णय? तेही वहीत आहेत आणि गाळता येत नाहीत. फाळणी नाकारणं यात मला दोष दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांत भारतानेही विरोधात मत दिलं होतं आणि एका संघराज्याची योजना सुचवली होती. पण नाकारणं वेगळं आणि ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी ज्यू प्रवाशांच्या बसवर गोळ्या झाडणं वेगळं. १३ एप्रिलला हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ताफ्यातले डॉक्टर आणि नर्स मारले गेले, १३ मे रोजी क्फार एत्झिओनमध्ये शरण आलेल्यांनाही मारलं गेलं. अरब फौजांनी जे थोडे ज्यू भाग जिंकले, तिथे एकही ज्यू राहू दिला नाही. आणि पुढे जॉर्डन वगळता बहुतेक अरब सरकारांनी या निर्वासितांना नागरिकत्व न देता छावण्यांत ठेवलं. हेही निर्णयच, तारखा आणि नावं असलेले. यातल्या कोणत्याही एकाने दुसरा वजा होत नाही.

मॉरिस स्वतः

शेवटी एक गोष्ट, जिने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. १९८८ मध्ये मॉरिस नाब्लुसमध्ये राखीव सैनिक म्हणून जायला नकार देऊन तुरुंगात गेले होते. जानेवारी २००४ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, त्यांनी 'हारेत्झ'ला मुलाखत दिली. नव्या कागदांत त्यांना हकालपट्ट्या, कत्तली आणि बलात्कार आधीपेक्षा जास्त सापडले होते. आणि तरीही त्यांचं म्हणणं असं होतं की हे उखडणं ज्यू राज्यासाठी आवश्यक होतं, आणि बेन-गुरियन यांनी ते काम अर्धवट सोडलं ही चूक केली.

पुरावा वाढला आणि निवाडा फिरला, तोही उलट दिशेने. मधल्या काळात दुसरा इंतिफादा झाला होता, बसमध्ये बॉम्ब फुटत होते. एका माणसाच्या मनात हे कसं घडतं ते मला कळतं, पण पटत नाही. मला यातून एवढंच मिळालं की काय घडलं हे संशोधन सांगू शकतं. 'आवश्यक होतं' हे वाक्य मात्र कोणत्याही अभिलेखागारात सापडत नाही. ते वाचणारा स्वतःच्या खिशातून आणतो. म्हणून मॉरिसचा निवाडा नाकारूनही त्यांची यादी वापरता येते, आणि मी तुम्हाला तसंच करायला सांगेन. पुस्तक जाड आहे, रुक्ष आहे, गावांची नावं डोक्यात राहत नाहीत. सगळं जमणार नसेल तर नकाशा शेजारी ठेवून लिद्दा आणि रामलेचा भाग तरी वाचा.

मागच्या आठवड्यात मी त्या मित्राला सांगितलं की माझा सत्तरचा आकडा अर्ध्याच हंगामाचा होता आणि मला तो वापरायचा अधिकार नव्हता. तो हसला. म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो?" मी म्हटलं, "नाही रे, तुझा रेडिओ तर १९६१ लाच बंद पडलाय." मग १६ जूनच्या बैठकीबद्दल सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही, पण पुस्तक घेऊन गेला. अजून परत दिलेलं नाही.